बेट, कार्ड आणि सातबारा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, माझा सगळा जन्म कागदात गेला. दिवसा तहसील कचेरीतले कागद आणि रात्री कवितेचे. मराठी घेऊन बी. ए. झालो, कारकून म्हणून चिकटलो, अव्वल कारकून झालो. संगणकाशी संबंध आला तो कचेरीत. असा माणूस आज तुमच्याशी व्हिडिओ गेमच्या यंत्रात घालायच्या कार्डाबद्दल बोलणार आहे आणि ते कार्ड कोणत्या पद्धतीनं फॉरमॅट करावं, हेही सांगणार आहे. कवीचे विषय संपले की काय, असं तुम्हाला वाटेल. पण थोडं ऐका. हा विषय माझ्याकडे रडत आला होता.

२०२३ सालचा नोव्हेंबर महिना. रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "मामू, बेट गेलं."

मला वाटलं, कुठं समुद्रात काही झालं. आम्ही कोकणातली माणसं, बेट म्हटलं की आधी पाणीच आठवतं. मग उलगडा झाला. हे बेट खेळातलं होतं.

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, कुवेतला असतात. २०१८ च्या सुरुवातीला सुट्टीवर येताना त्यांनी निंटेंडो स्विच नावाचं खेळाचं यंत्र आणलं. हातात धरून खेळता येतं, टीव्हीला जोडूनही खेळता येतं. २०२० च्या मार्च महिन्यात त्यावर 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' नावाचा खेळ आला आणि आपल्याकडे त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. या खेळात मारामारी नाही, शर्यत नाही. तुम्हाला एक ओसाड बेट मिळतं. तिथं तुम्ही झाडं लावता, मासे पकडता, घर बांधता, शेजारी वसवता. घड्याळ खरंच चालतं. इथं रात्र असली की बेटावरही रात्र.

त्या वर्षीची रमजान ईद कुणी कुणाकडे गेलं नाही अशी गेली. पण भाचीनं बेटावर टेबलं मांडली, कंदील लावले, आणि कुवेतची, पुण्याची मावस-चुलत भावंडं आपापल्या यंत्रावरून खेळातल्या विमानानं तिच्या बेटावर उतरली. आमची अम्मी, म्हणजे भाचीची नानी, टीव्हीसमोर बसून ते सगळं बघत होती. 'त्या पोराला काही खायला दे गं,' असं पडद्याकडे बोट दाखवून सांगत होती.

२०२२ च्या पावसाळ्यात अम्मी गेली. भाचीनं बेटाच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून एक बाक ठेवलं आणि भोवती पांढरी शेवंती लावली. नानीला शेवंती आवडायची. रोज शाळेतून आली की पाच मिनिटं तिथं जाऊन फुलांना पाणी घालायची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फोनवर कळलं, बेट गेल्यावर.

आता बेट गेलं कसं, ते सांगतो. त्यासाठी आधी एक कबुली. हे यंत्र 'उघडलेलं' होतं. कंपनी जेवढं करू देते त्यापलीकडचं काही करता यावं म्हणून लोक अशा यंत्रात बाहेरची प्रणाली चालवतात. पोरं त्याला 'मॉड करणं' म्हणतात. स्विचच्या सुरुवातीच्या यंत्रांमधल्या चिपमध्ये एक उणीव होती, ती २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. उणीव अशा ठिकाणी होती की विकून झालेल्या यंत्रांत ती नव्या सॉफ्टवेअरनं दुरुस्त करता येईना. आमचं यंत्र त्या तुकडीतलं. २०२२ च्या सुरुवातीला भाचीच्या ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलानं ते उघडून दिलं.

यातलं बरंवाईट सांगायलाच हवं. माझी पावसावरची एक कविता दर जूनमध्ये फोनवर फिरते आणि खाली नाव भलत्याचंच असतं. तेव्हा दुसऱ्याची मेहनत फुकट उतरवून घेणं मला गंमत वाटत नाही. खेळ लिहिणाराही लिहिणाराच असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं. हक्क मोडण्याच्या हेतूनं असं संरक्षक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कुलूप उघडणारा प्रत्येकजण चोर असतो असंही नाही. आज घरोघरी टीव्हीवर चालणारं कोडी नावाचं चित्रपट-गाणी दाखवणारं सॉफ्टवेअर २००२ च्या सुमारास अशाच उघडलेल्या एक्सबॉक्स यंत्रावर जन्मलं. म्हणून भाचीला मी एकच अट सांगितली होती. विकत घेतलेलेच खेळ खेळायचे. तिनं ती पाळली.

उघडलेल्या यंत्राचा एक रिवाज आहे. यंत्राच्या आतल्या मूळ साठ्याला हात लावायचा नाही. त्याची हुबेहूब नक्कल बाहेरच्या मेमरी कार्डावर करायची आणि यापुढे त्या नकलेवरच खेळायचं. म्हणजे काही बिघडलं तर मूळ शाबूत राहतं. नक्कल इंटरनेटला जोडायची नाही, कारण कंपनीच्या लक्षात आलं तर यंत्रावर बंदी येते. म्हणजे २०२२ पासून भाचीचं बेट एका नखाएवढ्या १२८ जीबीच्या कार्डावर होतं. न उघडलेल्या यंत्रांना २०२० च्या जुलैपासून बेटाची प्रत कंपनीकडे ठेवायची सोय होती. ती पैसे भरून सभासद झालेल्यांसाठी होती. या नकलेला ती नव्हती. स्वातंत्र्य घेतलं की राखणही आपल्याकडे येते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या रात्री भाची एक छोटं बाहेरचं सॉफ्टवेअर चालवत होती. ते अडकलं. तिनं कंटाळून बटण दाबून धरलं आणि यंत्र बंद केलं. पुन्हा चालू केलं तर फोल्डरांची नावं चिनी-जपानी वाटावीत अशी विचित्र झालेली. त्या मुलानं कार्ड संगणकात घातलं. संगणकानं विचारलं, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? त्यानं 'हो' म्हटलं.

चूक कुणा कंपनीची नव्हती. यंत्र आम्ही उघडलेलं, कार्डाची पद्धत आम्ही न बघता ठेवलेली, बटण आम्ही दाबलेलं. पुढचे चार दिवस मी कचेरीतून आलो की भाचीबरोबर बसून हे सगळं समजून घेतलं. समजलं ते माझ्याच भाषेत, म्हणजे महसुलाच्या भाषेत. तसंच तुम्हाला सांगतो.

कार्ड म्हणजे गाव समजा. गावाची जमीन सारख्या आकाराच्या तुकड्यांत पाडलेली आहे. तुम्ही एखादी फाइल ठेवलीत की तिला यातले काही तुकडे मिळतात. कधी सलग, तर कधी एक नदीकाठी आणि दुसरा डोंगरावर. मग कोणता तुकडा कुणाच्या नावे, हे कुठंतरी लिहून ठेवावं लागतं. आपल्याकडे ते तलाठी लिहितो, सातबाऱ्यावर. कार्डावर ते एका तक्त्यात लिहिलेलं असतं. तुकड्यांचा आकार किती, तक्ता कुठं आणि कसा लिहायचा, किती प्रती ठेवायच्या, या सगळ्या नियमांचं नाव फाइल सिस्टिम. कार्ड फॉरमॅट करणं म्हणजे गावात नव्या नियमांचं कोरं दप्तर उघडणं.

हे समजलं की दोन गोष्टी आपोआप समजतात. दप्तर फाटलं तरी जमीन जागेवर असते, फक्त कुणाची ते सांगता येत नाही. आणि घाईघाईनं केलेल्या फॉरमॅटमध्ये जमीन नांगरली जात नाही, दप्तर तेवढं बदलतं. या दुसऱ्या गोष्टीवर पुढं आमची सगळी भिस्त होती.

आता पद्धती कोणत्या? सर्वांत जुनी आणि अजून जिवंत ती फॅट. तिचा पहिला अवतार १९७७ सालचा, मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी लिहिलेला. पुढं ती वाढत गेली आणि १९९६ मध्ये फॅट ३२ आली. हिची रीत अगदी साधी. पहिल्या तुकड्याच्या नोंदीत लिहायचं, पुढचा तुकडा अमुक. त्या तुकड्याच्या नोंदीत लिहायचं, पुढचा तमुक. अशी साखळी शेवटच्या खुणेपर्यंत. १२८ जीबीचं कार्ड ३२ केबीच्या तुकड्यांत पाडलं तर सुमारे ३९ लाख तुकडे होतात आणि प्रत्येकाची चार बाइटची नोंद धरली तर अख्खा तक्ता साधारण १६ एमबीत मावतो. आणि या तक्त्याच्या रीतसर दोन प्रती ठेवल्या जातात. एक तलाठ्याकडे, एक तालुक्याला, असं म्हणा.

फॅट ३२ चं वैगुण्य एकच, पण मोठं. फाइलची लांबी लिहायला तिच्या नमुन्यात ३२ घरं आहेत. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एक बाइटही मोठी फाइल ती घेत नाही. यालाच लोक चार जीबीची मर्यादा म्हणतात. कार्डात शंभर जीबी जागा मोकळी असली तरी पाच जीबीची फाइल दारातूनच परत. आमच्या छापील अर्जात रकमेला चारच चौकोन असले आणि माणूस दहा हजार भरायला आला, की जे होतं तेच.

म्हणून २००६ मध्ये एक्सफॅट आली. हिला ती मर्यादा नाही म्हटलं तरी चालेल. २००९ मध्ये ३२ जीबीहून मोठ्या मेमरी कार्डांसाठी हीच प्रमाण ठरली. त्यामुळे बाजारातून ६४, १२८, २५६ जीबीचं कार्ड आणलंत की ते बहुधा एक्सफॅट होऊनच येतं. आमचंही तसंच आलं होतं. ही पद्धत चपळ आहे. फाइल सलग जागेत असेल तर ती साखळी लिहीतच बसत नाही. सुरुवात आणि लांबी लिहिली की झालं. पण तक्त्याची प्रत सहसा एकच ठेवते.

साध्या कॅमेऱ्यात, संगणकात एक्सफॅट उत्तम चालते. मीही माझ्या पेन ड्राइव्हला तीच ठेवली आहे. मग स्विचवर बाहेरची सॉफ्टवेअरं लिहिणारे अनुभवी लोक एकमुखानं 'फॅट ३२ घ्या' का म्हणतात? कारण नियम कितीही चांगले असले तरी ते पाळणारा कारकून कोण, हा खरा प्रश्न असतो. त्या यंत्रात एक्सफॅट लिहिणारा जो भाग आहे तो त्याच्या ठरलेल्या कामापुरता ठीक. खेळाची प्रगती मुळात यंत्राच्या आतच साठते. कार्डावर फक्त खेळ आणि छायाचित्रं जातात. पण यंत्र उघडलं की बाहेरची सॉफ्टवेअरं त्याच कारकुनाकडून कार्डावर सतत लिहून घेऊ लागतात, मध्येच बंद पडतात, फाइल उघडी टाकून निघून जातात. नकलेवर खेळत असाल तर खेळाची प्रगतीसुद्धा कार्डावरच लिहिली जाते. अशा धुमश्चक्रीत अर्धवट नोंदी राहतात. आणि तक्ता एकच असला की ताडून बघायला दुसरा नसतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दुसरी प्रत म्हणजे रामबाण नव्हे. कारकुनानं चुकीचंच लिहिलं तर तो दोन्ही प्रतींत चुकीचंच लिहील. फॅट ३२ चं खरं बळ दुसऱ्या प्रतीपेक्षा तिच्या वयात आहे. ती इतकी जुनी आणि साधी आहे की तिला लिहिणारे हात पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहेत. आजचा नवाकोरा संगणक सुरू होताना सर्वांत आधी जो छोटा विभाग वाचतो, तोसुद्धा फॅट पद्धतीचाच असतो.

मग चार जीबीचं काय? स्विचवर ती अडचण जवळजवळ नाहीच. मोठ्या फाइलचे तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरवर एक खूण केली की यंत्र तो फोल्डर एकच फाइल समजून वाचतं. ज्या सोयीसाठी आम्ही एक्सफॅट ठेवली होती, त्या सोयीची आम्हाला गरजच नव्हती.

आणखी एक पद्धत तुमच्या कानावर असेल, एनटीएफएस. १९९३ सालची. विंडोजच्या संगणकाची मुख्य डिस्क सहसा याच पद्धतीची असते. हिच्यात आमच्या खात्यातला फेरफार आहे. जमिनीचा व्यवहार झाला की आम्ही थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद, मग तपासणी, मग सातबाऱ्यावर अंमल. मध्ये काही अडलं तर नोंदवही सांगते, काम कुठवर आलं होतं. एनटीएफएस तसंच करते. आधी काय करणार ते लिहिते, मग करते. वीज मध्येच गेली तरी उठल्यावर आपली नोंदवही वाचून दप्तर सावरून घेते. फॅट ३२ आणि एक्सफॅट, दोघींकडे अशी नोंदवही नाही. मग एनटीएफएसच का घेऊ नये, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामू, स्विचला ती वाचताच येत नाही." विषय संपला. उत्तम कायदा, पण गावात तो वाचणारा कुणी नाही.

वाचणारा नसला की काय होतं, याचा एक धडा निंटेंडोच्याच जुन्या यंत्रात आहे. २००६ साली आलेलं वी. त्याचे खेळ तबकडीवर असत आणि एकेरी थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे फॅट ३२ च्या दारात न मावणारी. तेव्हा हे यंत्र उघडणाऱ्या हौशी लोकांनी फक्त वीच्या खेळांसाठी डब्ल्यूबीएफएस नावाची स्वतंत्र पद्धत काढली. अख्खी हार्ड डिस्क त्या पद्धतीनं बांधायची. काम झकास चाललं. पण ती डिस्क साध्या संगणकाला लावली की संगणक म्हणायचा, ही रिकामी आहे, फॉरमॅट करू का? आमच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडी लिपीतले जुने रुमाल बांधून ठेवलेले आहेत. अक्षर सुरेख, शाई शाबूत. पण वाचणारा शोधायला दिवस मोडतो. डब्ल्यूबीएफएसची डिस्क म्हणजे तसा रुमाल. शेवटी त्या लोकांनी आपली पद्धत सोडली, खेळाच्या फाइलचे चार जीबीच्या आतले तुकडे केले आणि जुन्या फॅट ३२ वरच परत आले. जिथं सगळ्यांना वाचता येतं, तिथंच अखेर माणसं परततात.

आता व्यवहारातली एक अडचण. कार्ड फॅट ३२ करायला गेलो तर विंडोजच्या नेहमीच्या चौकटीत तो पर्यायच दिसेना. ३२ जीबीच्या वर तिथं फॅट ३२ मिळत नसे. आम्हाला वाटलं, तांत्रिक कारण असेल. तसं काही नव्हतं. या पद्धतीत दोन टीबीपर्यंतचा साठा मावतो. मायक्रोसॉफ्टचे जुने अभियंते डेव्ह प्लमर यांनी २०२४ मध्ये स्वतःच खुलासा केला. १९९४ च्या अखेरीस एका पावसाळी गुरुवारी सकाळी त्यांनी ती चौकट लिहिली. तुकडे मोठे केले की लहान फाइलीमागे जागा वाया जाते. एवढीशी चिठ्ठी ठेवली तरी अख्खा तुकडा अडतो. ही नासाडी किती चालवून घ्यायची, याचा अंदाज त्यांनी त्या सकाळी बांधला आणि त्यातून ३२ जीबीची हद्द पडली. ती चौकट तात्पुरती होती. पुढं नीट करायचं ठरलं होतं. ते 'पुढं' तीस वर्षं आलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत ही हद्द लेखी आज्ञेपुरती दोन टीबीपर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं. सरकारी कचेरीत जन्म काढलेल्या मला 'तात्पुरतं' या शब्दाचं आयुष्य माहीत आहे. तरी आमच्यासारखे तिकडेही आहेत हे ऐकून बरं वाटलं. आम्ही काम केलं ते अशा कामासाठीच लिहिलेल्या एका छोट्या बाहेरच्या सॉफ्टवेअरनं. दोन मिनिटं लागली.

पण ते नव्या कार्डावर. जुन्या कार्डाला मी हात लावू दिला नव्हता. यात माझी अक्कल काही नाही. त्या मुलाच्याच एका प्राध्यापकानं फोनवर सांगितलं, 'त्यावर आता एक अक्षरही लिहू नका.' दप्तर नवं कोरं असलं तरी जुनी जमीन खाली तशीच आहे. नवं काही ठेवायला गेलात की त्यावर नांगर फिरेल. मग फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं. ते दप्तराकडे बघतच नाही. शेतातून शेतात चालत जातं आणि ओळखीची चिन्हं शोधतं. प्रत्येक छायाचित्राची फाइल सुरू होताना एक ठराविक खूण असते. ती दिसली की तिथून पुढं उचलायचं.

रात्रभर ते चाललं. सकाळी भाचीनं उघडून पाहिलं तर तीनशेच्या वर छायाचित्रं परत आली होती, खेळता खेळता तिनं टिपलेली. नावं गेलेली, तारखा गेलेल्या, क्रम गेलेला, पण चित्रं आलेली. बेट मात्र आलं नाही. नक्कल मोठमोठ्या तुकड्यांत साठवलेली असते आणि आतला मजकूर सांकेतिक असतो. त्याला तोंड नाही, ओळख नाही. तुटलेली साखळी जोडणार कशी?

मग तिच्या ध्यानात आलं की मूळ साठा तर यंत्राच्या आत आहेच. ज्या दिवशी नक्कल केली, त्या दिवसापर्यंतचं बेट तिथं असणार. तिनं कार्ड काढून यंत्र साध्या रीतीनं सुरू केलं. बेट होतं. पावणेदोन वर्षं कुणी न आल्यानं सगळीकडे रान माजलेलं, घरात झुरळं झालेली. शेजारी विचारत होते, इतके दिवस होतीस कुठं? ईदची टेबलं अजून तिथंच, कंदील तिथंच. फक्त समुद्राकडचं टोक रिकामं होतं. बाक नव्हतं, शेवंती नव्हती. त्या बेटावर नानी अजून गेलेली नव्हती.

भाची बराच वेळ त्या टोकाशी उभी राहिली. मी काही बोललो नाही.

श्रोतेहो, आता कुणी मला विचारलं, कार्ड कसं फॉरमॅट करू, तर मी उलट तीन प्रश्न विचारतो. ते कोण लिहिणार आणि कोण वाचणार? तुमची सर्वांत मोठी फाइल खरोखर चार जीबीच्या वर आहे का, आणि असली तर तुकडे करून काम भागतं का? आणि काम मध्येच तुटलं तर काय गमावणार? उघडलेल्या स्विचसाठी या तिन्हींचं उत्तर फॅट ३२ येतं. विंडोजच्या मुख्य डिस्कसाठी एनटीएफएस येईल. कॅमेऱ्यातल्या लांबलचक चित्रीकरणासाठी एक्सफॅट येईल. नवी ती चांगली किंवा जुनी ती भक्कम, अशा सरधोपट नियमानं जाऊ नका. शिवाय कार्ड खात्रीच्या दुकानातून घ्या. बाहेर २५६ जीबी छापलेलं आणि आत त्याहून फारच कमी जागा असलेलं नकली कार्ड बाजारात मिळतं. ते भरेपर्यंत गोड बोलतं आणि मग आधीच्याच मजकुरावर लिहीत सुटतं. त्यावर कोणतीही पद्धत टिकणार नाही.

आणि या सगळ्यांच्या वर एक गोष्ट. फॉरमॅट म्हणजे राखण नव्हे. कितीही विचार करून निवडलात तरी दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीची सर त्याला येत नाही. भाची आता दर रविवारी कार्डाची प्रत वडिलांच्या जुन्या हार्ड डिस्कवर काढते आणि महिन्यातून एकदा दुसरी एक प्रत मावशीच्या घरी नेऊन ठेवते. ती बेटावरचं रान काढून मोकळी झाली. परत आलेल्या छायाचित्रांत बाकाची दोन चित्रं सापडली. ती समोर ठेवून तिनं शेवंती पुन्हा लावली, तेवढीच रोपं, त्याच जागी. पहिल्यासारखं झालं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. पण ठीक आहे."

मागच्या महिन्यात ती आमच्याकडे आली होती. माझ्या टेबलावर कवितांची निळी वही होती. पस्तीस वर्षांच्या कविता, निम्म्याहून अधिक कुठं छापून न आलेल्या. तिनं वही उघडली, चार पानं उलटली आणि विचारलं, "मामू, याची दुसरी प्रत कुठं आहे?"

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वही पिशवीत घातली आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहिलो.